आलं हं पाणी

माझ्या मुलाच्या जन्मानंतर आम्हा दोघांना न्हाऊ घालायला ज्या आक्का येत असत, त्या पाटावर बसून दोन्ही पाय पुढे पसरत, लुगडे गुडघ्यापर्यंत सारत आणि बाळाला पोटऱ्यांच्या खोबणीत पालथे घालत. तेल चोळून, अंग रगडून झाले की त्याला उताणे करून डोक्यावरून पाणी घालण्याची वेळ येई, आणि तेव्हा त्या दोन गोष्टी न चुकता करत. डाव्या हाताचा तळवा बाळाच्या कपाळावर, भुवयांच्या किंचित वर, पन्हळीसारखा आडवा धरत, म्हणजे पाणी डोळ्यांत न उतरता कानामागून निघून जाई. आणि तांब्या कलता करण्याआधी म्हणत, ‘आलं हं पाणी, आलं आलं आलं.’ पाणी पडे ते या शब्दांनंतरच. महिन्याभराच्या त्या जिवाला भाषेतले काही कळत नव्हते, पण तिसरा महिना संपता संपता ‘आलं हं’ कानावर पडताच तो डोळे गच्च मिटू लागला आणि ओठ आवळून पाण्याची वाट पाहू लागला.

आक्कांना स्वतःला पोहता येत नव्हते; नदीत त्या गुडघाभर पाण्यापलीकडे कधी गेल्या नसतील. तरीही लहान मुलाची पाण्याशी ओळख कशी करून द्यावी याविषयी मी पुढे जे काही शिकले, त्यातला पहिला धडा त्यांचाच होता, हे मला फार उशिरा उमगले. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत तान्ह्या मुलांना आईवडिलांसह तलावात नेण्याचे जे वर्ग चालतात, त्यांतला सुरुवातीचा पाठही असाच असतो. मुलाचे नाव घ्यायचे, ठरलेला शब्द उच्चारायचा आणि मगच डोक्यावरून थोडेसे पाणी सोडायचे, दर वेळी त्याच क्रमाने, म्हणजे शब्दापाठोपाठ पाणी येते आणि शब्दावाचून ते कधीच येत नाही ही खात्री मुलाच्या अंगात मुरते. पाण्याआधी शब्द, एवढाच तो नियम. मी गेली पंधरा-सोळा वर्षे कोल्हापुरात उन्हाळी सुट्टीत तीन ते पाच वर्षांच्या मुलांची पोहण्याची तुकडी घेते, आणि हा नियम मोडून केलेली घाई एकाही मुलाच्या अंगी लागल्याचे मी पाहिलेले नाही.

माझे स्वतःचे पोहणे वारणाकाठच्या आजोळी, विहिरीत सुरू झाले. विहीर दगडी बांधणीची, पायऱ्यांची होती. मोट जाऊन इंजिन आले होते, पण मोटेचे पाणी जिथे ओतले जाई ते काठावरचे थारोळे तसेच राहिले होते. आजोबा दोन मोठे भोपळे वाळवून, पोकळ करून, दोरीने जोडून त्यांची सांगड करत. ‘सांगड घालणे’ हा शब्दप्रयोग आपण आता कशासाठीही वापरतो, पण तो ऐकला की मला पाठीवर बसलेले ते दोन भोपळे आणि काखेत रुतणारी ओली दोरी आठवते. ज्यांच्याकडे भोपळे नसत ते पांगाऱ्याचे हलके, वाळके लाकूड पाठीला बांधत; पुढे तेलाचे पत्र्याचे डबे आले, मग ट्रकच्या ट्यूब आल्या. पहिले तीन दिवस आजोबांनी मला पाण्यात उतरवलेच नाही. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसवून पाय पाण्यात सोडायला सांगितले, आणि स्वतः खालच्या, बुडालेल्या पायरीवर छातीइतक्या पाण्यात उभे राहून माझ्याशी म्हशीच्या, उसाच्या, शेजारच्या भांडणाच्या गोष्टी बोलत राहिले. चौथ्या दिवशी मीच म्हणाले, ‘आजोबा, मला घ्या.’

त्याच विहिरीत, त्याच सुट्टीत, माझ्या मावसबहिणीला एका नातेवाइकाने थारोळ्यावरून उचलून पाण्यात टाकले. त्यामागे दुष्टावा मुळीच नव्हता. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, ही म्हण आमच्याकडे शब्दशः पाळली जात असे, आणि टाकणारा माणूस लगेच मागोमाग उडी घेऊन मुलाला वर काढत असे. अशा रीतीने शिकलेली कितीतरी माणसे पुढे पट्टीची पोहणारी झाली, हे मी नाकारणार नाही. माझे दोन्ही मामा तसेच शिकले होते आणि पुरातून माणसे काढत होते. पण जी मुले त्या दिवसानंतर विहिरीकडे फिरकलीच नाहीत, त्यांची गणती कोणी ठेवली नाही. माझी मावसबहीण तेव्हा पाच वर्षांची होती. आज ती पन्नाशी ओलांडून गेली आहे, आणि गणपतीपुळ्याच्या वाळूत लाट पायाला लागली तरी ती मागे सरते. तिने मुलांनाही पाण्याजवळ जाऊ दिले नाही, त्यामुळे तिच्या घरात आज पोहता येणारे कोणी नाही. भीती अशी वारशाने पुढच्या पिढीकडे जाते, आणि पाण्याला भिणारे मूल पाण्यापासून सुरक्षित असते असे मानणे ही फार मोठी चूक आहे, कारण भिणारे मूल पाय घसरला की आधी तोंड उघडते आणि हातपाय झाडते.

एवढे सगळे मला कळत होते, मी पंचगंगा कितीदा तरी पार केली होती, आणि तरीही माझ्याच घरात ते घडले. मुलगा चौदा महिन्यांचा होता. कपडे पिळून झाल्यावर न्हाणीघरात एक मोठी बादली राहिली होती आणि तिच्यात तळापासून वीतभर, फार तर त्याहून थोडे अधिक, पाणी होते. तो शेजारी बसून प्लास्टिकचा मग फरशीवर आपटत होता. दारावर गॅसचा सिलिंडर आला म्हणून मी उठले, पैसे मोजून दिले, सुट्टे घेतले. ते सगळे दोन मिनिटांच्या आत आटोपले असेल. मी धावत मागे गेले ती काही आवाज ऐकून गेले नाही. फरशीवर मग आपटण्याचा आवाज थांबला होता, म्हणून गेले. बादलीच्या काठावर त्याचे पोट टेकलेले होते, पाय हवेत होते आणि डोके आत. पाय जोरात झाडलेही जात नव्हते. मी त्याला उचलले, तो खोकला, ओकला आणि मग रडला. त्या रडण्याइतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. डॉक्टरांनी त्याला एक दिवस देखरेखीखाली ठेवून घेतले आणि मग घरी सोडले.

तो प्लास्टिकचा मग आमच्याकडे अजून आहे, तळाशी चिरा गेलेला. मी तो टाकू शकलेले नाही.

मूल बादलीत का अडकते, हे त्या दिवसानंतर मी नीट समजून घेतले. दीड-दोन वर्षांपर्यंतच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, त्यामुळे त्याचा तोल वरच्या अंगाला असतो. पाण्यातले स्वतःचे प्रतिबिंब किंवा तरंगणारा मग पाहायला ते वाकते, पाय फरशीवरून सुटतात, आणि एकदा डोके खाली गेले की दंडांत स्वतःला मागे ढकलण्याइतकी ताकद नसते. रिकामी बादली कलंडली असती. थोडे पाणी असलेली बादली मात्र त्या वजनाने कलंडत नाही. नाक आणि तोंड झाकले जाईल इतके पाणी पुरते. आणि या सगळ्यात आवाज होत नाही. चित्रपटात बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो, ते आपण इतके पाहिले आहे की खरे बुडणे आपल्या डोळ्यांदेखत घडले तरी ओळखू येत नाही. ज्याला श्वासच घेता येत नाही तो ओरडणार कशाने? तलावातही मी मुलांचा आरडाओरडा चालू असेपर्यंत निश्चिंत असते. एखादे मूल गप्प झाले की आधी तिकडे बघते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगभरात सुमारे 3 लाख माणसे बुडून गेली, आणि त्यांतली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुले होती. दहांतले नऊ मृत्यू आपल्यासारख्या, म्हणजे कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 25 जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून ठरवला. आकडे ऐकून माणसाला समुद्र, नदी, धरण डोळ्यांपुढे येते. पाच वर्षांखालच्या मुलासाठी मात्र धोक्याचे पाणी घराच्या उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असते, बहुधा उंबऱ्याच्या आतच असते. आपल्याकडे गावोगावी आणि शहरांतही नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, काही ठिकाणी दोन-चार दिवसांआड येते, आणि त्यामुळे बादल्या, पिंपे, हंडे, घंगाळे भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून ‘पाणी साठवू नका’ असा सल्ला मी कोणाला देत नाही. न्हाणीघराच्या दाराला मुलाचा हात पोचणार नाही अशा उंचीवर कडी बसवावी, पिंपाला घट्ट झाकण असावे, अंगणातल्या हौदावर आणि जमिनीखालच्या टाकीवर जाळी किंवा कडीचे झाकण असावे, आणि वापरून झालेली बादली उपडी घालावी. यांतल्या एकाही गोष्टीला फारसा खर्च नाही.

शेततळ्यांविषयी मात्र मला अधिक सांगायचे आहे, कारण माझ्या तुकडीत आसपासच्या खेड्यांतली मुलेही असतात. ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना राज्यात 2016 पासून आली आणि त्या तळ्यांनी कितीतरी बागा जगवल्या, हे खरे आहे. पण विहीर आणि शेततळे यांत एक मोठा फरक आहे. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, उगवलेला उंबर असतो. अस्तर घातलेल्या शेततळ्याला चारी बाजूंनी गुळगुळीत प्लास्टिकचा उतार असतो, त्यावर शेवाळ धरते, आणि एकदा पाय घसरला की हाताला धरायला काही म्हणजे काही मिळत नाही. चांगला पोहणाराही तिथून वर येताना दमतो. मुलाला काढायला आई उतरते आणि तिलाही वर येता येत नाही, अशा बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात आणि पेपर खाली ठेवावा लागतो. भोवताली तारेचे कुंपण आणि बंद होणारे फाटक हवे. चारी बाजूंना खुंटीला बांधून, ठिकठिकाणी गाठी मारलेले जाड दोर पाण्यापर्यंत सोडलेले हवेत, आणि हवा भरलेली एक ट्यूब दोरासकट काठावर कायम ठेवलेली हवी. तळे खणणारा शेतकरी मोटारीला, पाइपला, अस्तराच्या कागदाला पैसे घालतोच; त्यात दोरांची भर पडली तर खर्च फारसा वाढत नाही. घरात रांगते किंवा चालू लागलेले मूल असेल, तर कुंपण आधी घालावे आणि पाणी मग भरावे, असे मी प्रत्येक पालकाला हात जोडून सांगते.

बांगलादेशात, जिथे खेड्यांत कितीतरी घरांमागे तळे असते, या प्रश्नावर फार शहाणपणाचे काम झालेले आहे. तिथे असे दिसून आले की लहान मुले बहुतकरून सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान बुडतात, म्हणजे आई स्वयंपाकात आणि वडील शेतावर असतात तेव्हा. त्यावर त्यांनी गावातच, कोणाच्या तरी घरी, नेमक्या त्याच वेळेत एक ते पाच वर्षांची मुले सांभाळणारी ‘आँचल’ नावाची केंद्रे काढली, आणि चार वर्षांपुढच्या मुलांना गावच्या तळ्यातच बांबूचा मचाण बांधून पोहायला शिकवले. जिथे ही केंद्रे चालली तिथे मुलांचे बुडणे फार मोठ्या प्रमाणात घटले. यातला क्रम मला महत्त्वाचा वाटतो. अगदी लहान मुलासाठी पहिला उपाय पोहणे हा नाही. कोणाची तरी नजर हा आहे. आपल्या अंगणवाडीतही साधारण हाच वेळ जातो, आणि अंगणवाडीच्या सेविका एका अर्थाने पाण्यावरचा पहाराच देत असतात, हे आपण कधी त्यांना बोलून दाखवलेले नाही.

‘मग मुलाला पोहायला कधी घालायचे?’ हा प्रश्न मला दर मार्चमध्ये विचारला जातो. तान्ह्या बाळाला जन्मतःच पोहता येते, असे सांगणारी चित्रफीत हल्ली मोबाईलवर फिरत असते. तोंडावर पाणी आले की नवजात बाळ श्वास रोखते आणि हातपाय हलवते, हे खरे आहे, पण ती एक आपोआप घडणारी क्रिया आहे, सुमारे सहा महिन्यांनंतर ती ओसरत जाते, आणि तिला पोहणे म्हणता येत नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला शिकवल्याने बुडण्याचा धोका कमी होतो याला पुरावा नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मत आहे. एक ते चार वर्षांच्या मुलांबाबत त्यांचे पूर्वीचे धोरण सावध होते; 2009 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात या वयात रीतसर शिकलेल्या मुलांचा बुडण्याचा धोका 88 टक्क्यांनी कमी आढळला, आणि त्यानंतर ते धोरण बदलले. तो अभ्यास लहान होता, तेव्हा त्या आकड्यावर विसंबून कोणी पाण्यातल्या मुलाकडे पाठ फिरवू नये. मी स्वतः आईच्या किंवा वडिलांच्या कडेवर दीड-दोन वर्षांपासून आणि शिकवण्यासाठी तीन वर्षांपासून मूल घेते. त्याआधीची शाळा न्हाणीघरातच भरते, आणि ती आक्कांसारखी कोणीही चालवू शकते.

पाणी कोमट असावे, निदान गार नसावे. लहान मुलाचे अंग फार लवकर निवते, आणि अगदी लहानांसाठी 32 अंशांच्या आसपासचे पाणी चांगले मानतात. आपल्या उघड्या तलावांत ते सहसा मिळत नाही, म्हणून मी सकाळची सहाची वेळ कटाक्षाने टाळते आणि ऊन पाण्यात उतरल्यावरच तुकडी घेते. ओठ निळसर दिसले किंवा हनुवटी थरथरू लागली की त्या दिवशीचा वर्ग संपला, मग दहाच मिनिटे झालेली असोत. पुन्हा पुन्हा डोके बुडवून मुलाच्या पोटात फार पाणी गेले तर रक्तातले मीठ पातळ होते आणि मूल मलूल पडते, त्याला झटकेही येऊ शकतात, त्यामुळे ‘थोडं नाकातोंडात गेलं म्हणून काय झालं’ हे वाक्य माझ्या तलावावर चालत नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे सव्वातीन वर्षांची एक मुलगी आली. पहिल्या दिवशी ती आईच्या ओढणीत तोंड खुपसून बाकावर बसली आणि अर्धा तास रडली. आई संकोचून म्हणाली, ‘मॅडम, तुम्ही घ्या तिला जबरदस्तीनं, मी बाहेर जाते, मी दिसले नाही की गप्प होईल.’ मी त्यांना म्हटले, ‘तुम्ही कुठेच जायचं नाही. तिला तुम्ही दिसला पाहिजेत.’ दुसऱ्या दिवशी मी घरून स्टीलचा तांब्या नेला. तलावाच्या उथळ टोकाला रुंद पायऱ्या आहेत. मी सर्वांत वरच्या पायरीवर बसले आणि माझ्याच गुडघ्यावर पाणी ओतत बसले. ती बाकावरून पाहत होती. तिसऱ्या दिवशी ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, ‘माझ्या बाहुलीला घाला.’ बाहुलीला आम्ही दोन दिवस न्हाऊ घातले.

पाचव्या दिवशी मी तिला विचारले, ‘तुझ्या पायावर घालू?’ तिने मान हलवली. ‘आलं हं पाणी,’ मी म्हटले आणि घोट्यांवर चार थेंब सोडले. मग गुडघे, मग मांड्या, मग खांदे. प्रत्येक वेळी आधी विचारले, आधी सांगितले, आणि ती ‘नको’ म्हणाली तेव्हा तांब्या खाली ठेवला. एकदा खांद्यापर्यंत येऊन ती परत घोट्यांवर गेली आणि दोन दिवस तिथेच राहिली. तिथे माझी परीक्षा होती, कारण बाजूच्या तुकडीतली तिच्याएवढी मुले पाण्यात खिदळत होती आणि तिची आई काही न बोलता त्यांच्याकडे पाहत होती. नको म्हटल्यावर ऐकले जाते हे एकदा कळल्यावर मुलाचे ‘हो’ खरे होते. तोवरचे हो हे केवळ दमून दिलेले असते. नवव्या दिवशी तिने तांब्या माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतला. डोळे उघडले तेव्हा पापण्यांवर थेंब होते आणि चेहऱ्यावर प्रचंड आश्चर्य होते, की आपण अजून इथेच आहोत.

त्यानंतर फुंकर. गरम दुधावर फुंकतात तशी पाण्यावर फुंकर घालायची, एका झेंडूच्या पाकळीला पलीकडे ढकलायचे, मग ओठ पाण्याला टेकवून बुडबुडे काढायचे. हा खेळ दिसतो तेवढा किरकोळ नाही. पाण्यात तोंड असताना श्वास बाहेर सोडायचा असतो, ही सवय ज्या मुलाला लागते ते पुढे घाबरून पाणी आत ओढत नाही, आणि मी ज्या मोठ्या माणसांना शिकवले आहे त्यांचे निम्मे भय याच एका सवयीच्या अभावी होते. मग उताणे तरंगणे. तिथे मुले अडतात ती कानांपाशी: कान पाण्यात बुडाले की जगाचा आवाज जातो आणि स्वतःचाच श्वास मोठा ऐकू येऊ लागतो. मी मुलाचे डोके माझ्या खांद्यावर घेते, गालाला गाल लागतो, आणि त्याच्या कानाशी हळू आवाजात गाणे म्हणत राहते. पाण्यात उतरताना खांदा इंचाइंचाने खाली नेते. तिला मी असे सहा दिवस धरले. सातव्या दिवशी हात काढून घेतला तेव्हाही तिला सांगून काढला. न सांगता हात सोडून ‘बघ, तू एकटीच तरंगतेस’ असे दाखवून देणारे शिक्षक आहेत, आणि त्यांचा हेतू चांगला असतो, पण मला ते जमत नाही. मुलाने माझ्या हातावर टाकलेला भार फसवून हलका करणे मला पटत नाही.

दंडात घालायच्या फुगवलेल्या पट्ट्यांविषयी पालक हटकून विचारतात. मी त्या वापरत नाही. त्यांच्यामुळे मूल पाण्यात उभे लटकते, आणि पोहायला लागते ते आडवे अंग; शिवाय त्या घातल्या की आपण बुडत नाही, हे मुलाच्या मनात इतके पक्के होते की एके दिवशी ते पट्ट्यांशिवायच काठावरून उडी टाकते. आजोबांची सांगडही आधारच होता, पण ते सांगडीवर मला सोडून कधी वर गेले नाहीत, आणि दर दोन दिवसांनी दोरी थोडी सैल करत. मी मुलांना काठ शिकवते. काठाला दोन्ही हातांनी धरून खेकड्यासारखे आडवे सरकत पायऱ्यांपर्यंत यायचे, रोज, खेळ म्हणून. त्यानंतर ‘पड, वळ, धर’: पायरीवरून माझ्या हातात पडायचे, पाण्यातच वळायचे आणि मागचा काठ धरायचा. बहुतेक मुले पाण्यात पडतात ती काठाजवळच, आणि वाचण्यासाठी लागणारे अंतर अनेकदा हातभरच असते. चार वर्षांच्या मुलाला पंचवीस मीटर पोहता आले नाही तर माझे काही बिघडत नाही. मागे वळून काठ धरता आला पाहिजे, यावर मी अडून बसते.

पालकांना मी जे शिकवते ते मुलांपेक्षा कठीण जाते. मूल पाण्यात असेल तर मोठे माणूस हात लांबवला की पोचेल इतके जवळ हवे, आणि त्याच्या हातात मोबाईल नको. कौटुंबिक सहलीत, शेतघरावर, लग्नघरी दहा माणसे काठावर बसलेली असतात आणि प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी बघतो आहे. म्हणून मी प्रत्येक घराला एक शिट्टी देते. ती ज्याच्या गळ्यात असेल त्याने त्या वेळेपुरते बाकी काहीच करायचे नाही, गप्पा नाहीत, चहा नाही, फोटो नाहीत. अर्ध्या तासाने दमले की शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात, तोंडाने सांगून, घालायची. आमच्या घरात ही पद्धत आता इतकी रुळली आहे की कोकणात गेल्यावर माझे सासरे स्वतःहून विचारतात, ‘शिट्टी कुणाकडे आहे?’

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. बुडालेले मूल बाहेर काढल्यावर त्याला उलटे लटकवू नये, गरगर फिरवू नये, पोट दाबून पाणी काढत बसू नये. त्यात हवेवाचूनची मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी फुप्फुसात जाऊ शकते. मूल श्वास घेत नसेल तर त्याला सपाट जागी उताणे निजवून, हनुवटी किंचित वर करून, आधी पाच वेळा तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यावर तीस दाब आणि दोन श्वास असे मदत येईपर्यंत करत राहावे, आणि दुसऱ्या कोणीतरी तोवर 108 लावावा. हे वाचून येत नाही. एकदा तरी बाहुलीवर, जाणत्या माणसासमोर, हाताने करून पाहावे लागते, आणि घरातल्या आजीआजोबांनीही करून पाहावे, कारण दुपारी मुलाजवळ बहुतेकदा तेच असतात.

त्या मुलीची तुकडी बावीस दिवसांची होती. शेवटच्या दिवशी तिच्या आईने विचारले, ‘आलं का हो तिला पोहायला?’ मी खरे ते सांगितले, की नाही आले, अजून दोन उन्हाळे लागतील. ती बुडबुडे काढते, माझ्या खांद्यावाचून दहा अंक मोजेपर्यंत उताणी तरंगते, पडली तर वळून काठ धरते, पण ते मी शेजारी असताना. आणि यातल्या कशावरही विसंबून तिला पाण्याजवळ एकटी सोडू नका. आई जरा हिरमुसली. आम्ही बोलत होतो तेवढ्यात मुलगी कपडे बदलून, नव्हे, अर्धे बदलून, पुन्हा पायऱ्यांकडे पळाली. आता तिला पाणी आवडू लागले होते, आणि पाणी आवडू लागलेल्या मुलाची मला नेहमीच अधिक काळजी वाटते. मी वळून पावले उचलली, पण ती वरच्या पायरीच्या काठाशी येऊन थांबली होती. पायाची बोटे काठावरून पुढे आलेली, दोन्ही हात मागे बांधलेले. तिने मान वळवून मला शोधले आणि विचारले, ‘काकू, येऊ का?’

मी पाण्यात उतरले, तिच्या समोर जाऊन उभी राहिले, हात पुढे केले. ‘ये’ म्हणेपर्यंत ती जागची हलली नाही.